चावीचे दोन फेरे

४ फेब्रुवारी

औषधांच्या दुकानदाराने दिलेली ही डायरी गेल्या वर्षीची आहे. तारखा बरोबर, छापलेले वार चुकीचे. वार मी खोडून टाकीन. बाकी जे लिहीन ते खरं लिहीन, कारण वाचणारं कुणी नाही.

आज लिहायला बसले ती रागाने. नव्या मॅडमनी आम्हाला जेवणाच्या खोलीत बसवून सांगितलं, की आपल्या घरातल्या सातांपैकी तिघं एप्रिलपासून वेगळ्या फ्लॅटमध्ये राहतील. दोन गल्ल्या पलीकडे, तिसरा मजला, लिफ्ट आहे. स्वयंपाक, धुणं, दाराचं कुलूप, सगळं त्यांचं ते बघतील. आमच्यातलं कुणी सकाळी तासभर आणि दुपारी तासभर जाऊन येईल.

"मोठी माणसं आहेत ती, ताई," मॅडम मला म्हणाल्या. "मोठ्या माणसांसारखं राहू दे त्यांना."

मला काय ती लहान वाटतात? सोळा वर्षं मी त्यांच्या दाढीचं पाणी गरम करतेय. आमच्याकडे कुणाचे पाय साथ देत नाहीत, कुणाची जीभ, कुणाची समज आपल्यापेक्षा सावकाश चालते. सावकाश चालणाऱ्याचा हात धरला तर त्यात कुणाचं काय बिघडलं?

जुन्या बाई असत्या तर असलं खूळ निघालं नसतं. हे घर त्यांनीच उभं केलं. गेल्या वर्षी गुडघ्यांनी दगा दिला आणि त्या मुलीकडे राहायला गेल्या. त्यांचा नियम एकच होता, घरच्यांना काम आणि पाहुण्यांना चहा. इथे राहणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी एकेक काम दिलं होतं. कुणी चमचे मांडायचे, कुणी सगळे नळ बंद आहेत का ते बघत फिरायचं. पाहुण्याने मात्र काडी उचलायची नाही, बसून चहा प्यायचा. तेव्हा एकच न्हाणीघर होतं आणि सकाळी दारापुढे रांग लागायची. रांगेत भांडणं, गाणी, टॉवेलांची ओढाओढ. आता तीन न्हाणीघरं आहेत आणि सकाळी घरात आवाज नसतो.

७ फेब्रुवारी

घड्याळाचं लिहून ठेवते. उद्या मी नसले तर कुणाला कळणार?

जेवणाच्या खोलीत भिंतीवर बाईंच्या माहेरचं घड्याळ आहे. रोज पुरती चावी द्यावी लागते, नाहीतर दुसऱ्या दिवशी दुपारी बंद पडतं. ते काम मास्तरचं. मास्तर म्हणजे स्टेशनमास्तर. कुणाला जेवायला दोन मिनिटं उशीर झाला तरी दारात उभा राहून घड्याळाकडे बोट दाखवतो, म्हणून बाईंनी ठेवलेलं नाव. आला तेव्हा अठ्ठावीसचा होता, आता चव्वेचाळीसचा आहे. बोलतो कमी, दोन-तीन शब्दांपुरतं.

त्याला त्याच्या आईने आणून सोडलं. पत्र्याची एक पेटी आणि तिच्यावर दोरीने बांधलेली उशी. आई निघाली तेव्हा तो रडला नाही. घड्याळासमोर जाऊन उभा राहिला तो संध्याकाळपर्यंत हलेना. "सहाला फोन करीन," असं ती सांगून गेली होती. दुसऱ्या दिवशी बाईंनी घड्याळाची चावी त्याच्या हातात ठेवली आणि म्हणाल्या, "हे आता तुझं." बाईंना माणसं कशी कळायची कोण जाणे.

मीही त्याच महिन्यात कामाला लागले. नवरा जाऊन वर्ष झालं होतं, मुलगा शिकायला बाहेर. संध्याकाळी सहा ते आठ हा वेळ मला घरी खायला उठायचा, म्हणून मी संध्याकाळचं कामही मागून घेतलं होतं.

मास्तर सहाला स्टुलावर चढतो आणि आमच्याकडे पाठ करून, ओठ हलवत चावी देतो. एकदा कान देऊन ऐकलं, दहापर्यंत मोजतो. पण पुरती चावी देणं काही त्याला जमत नाही. पहिल्याच वर्षी मला संशय आला, म्हणून सातला सगळे हात धुवायला गेल्यावर मी चढून बघितलं. आणखी दोन फेरे बसले. तेव्हापासून रोज बसतात. दोनच, एक कमी नाही की एक जास्त नाही. मी गुपचूप देते आणि उतरते. त्याला कधी पत्ता लागू दिला नाही. माणसाचा मान राखावा.

सात-आठ वर्षांपूर्वी एकदा विसरले. दुसऱ्या दिवशी दुपारी घड्याळ बंद, आणि मास्तर दोन्ही वेळा जेवला नाही. तेव्हा जो कानाला खडा लावला तो आजतागायत.

त्याची खोड एकच, ते स्टूल. एरवी इतका टापटिपीचा माणूस, चपला रेषेत ठेवणारा. पण सहाला घेतलेलं स्टूल घड्याळाखाली तसंच सोडतो. सातला मी उतरले की हात पुसत येतो आणि तेव्हा कुठे उचलून कोपऱ्यात ठेवतो. सांगून सांगून थकले.

१२ फेब्रुवारी

मॅडमनी प्रत्येकासाठी चार-चार पानांचे फॉर्म दिलेत. स्वतः करतो, मदतीने करतो, करत नाही, असे तीन रकाने. मास्तरचा फॉर्म माझ्याकडे, कारण त्याला माझ्याइतकं कुणी ओळखत नाही.

चहा करता येतो का? आम्ही त्याला कधी गॅसजवळ जाऊ दिलं नाही, त्यामुळे येतो की नाही ठाऊक नाही. ठाऊक नाही असा रकाना नव्हता. 'करत नाही'वर खूण केली. कपड्यांच्या घड्या, मदतीने. रस्ता ओलांडणं, मदतीने, कारण मी हात धरते. मोजणी, दहापर्यंत.

शेवटी शेऱ्याला जागा होती. तिथे लिहिलं, 'सोळा वर्षांत घड्याळाला चावीही पुरती देता आलेली नाही. मागाहून मला द्यावी लागते. एकट्याने राहणे झेपणार नाही.' खरं तेच लिहिलं.

१९ फेब्रुवारी

फ्लॅट बघायला सगळ्यांना नेलं. मास्तरच्या खोलीतले दोघं, पैलवान आणि गायक, लगेच खूश. पैलवान म्हणजे काडी पैलवान, वाऱ्याने उडेल असा, पण नव्या गाद्यांवर उड्या मारून आला. गायकाला एकच चाल येते, ती त्याने चारही खोल्यांत म्हणून बघितली.

मास्तर भिंतींकडे बघत हिंडला. स्वयंपाकघराच्या दारासमोरच्या भिंतीत एक खिळा होता. त्याला हात लावून म्हणाला, "इथे."

"इथे काय?" मी विचारलं.

"इथे," तो म्हणाला.

घरी आल्यावर त्याने पलंगाखालची पिशवी काढली आणि त्यात साबण, दोन शर्ट आणि कंगवा भरला. त्याला काय कळतंय, बाकीचे निघाले म्हणून हाही निघाला. मी सगळं काढून जागच्या जागी ठेवलं.

२१ फेब्रुवारी

पिशवी पुन्हा भरलेली. पुन्हा रिकामी केली. तो दारात उभा राहून बघत होता.

२६ फेब्रुवारी

यादी लागली. पैलवान, गायक, आणि तिसऱ्या नावाच्या जागी रेघ. मॅडम म्हणाल्या, "मास्तरचंच नाव डोक्यात होतं, ताई. पण तुमचा शेरा वाचला. सोळा वर्षं बघताय तुम्ही, तुमच्या शब्दापुढे मी काय बोलणार?"

सुटल्यासारखं वाटलं. देवाला हात जोडले.

मग खोलीत गेले तर मास्तर यादीसमोरून येऊन पलंगावर बसला होता. त्याला आपलं नाव वाचता येतं. पिशवी त्याने स्वतःच रिकामी केली होती आणि चौकोनी घडी घालून उशीखाली ठेवली होती. घडी चांगली घातली होती.

१ मार्च

पैलवान आणि गायक फ्लॅटवर सरावाला जातात. कालपासून भात लावायला शिकतायत. मास्तर त्या वेळी गेटपाशी उभा असतो. मी म्हटलं, "चल, आपण दोघं झाडांना पाणी घालू." आला. पाणी घातलं. पूर्वी पाणी घालताना माझ्या पायांवर धार सोडायचा आणि हसायचा. आज मी मुद्दाम पाय पुढे केले. त्याने धार वळवली.

सहाला चावी दिली त्याने. सातला माझे दोन फेरे बसले. निदान ते तरी चुकलं नाही.

उद्यापासून दहा दिवस मी नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन मुलाकडे ठरलंय. स्वयंपाकाच्या मावशींना सांगणार होते घड्याळाचं, पण त्या गडबडीत होत्या, आणि खरं म्हणजे मला सांगावंसं वाटलं नाही. मनात आलं, पडू दे एकदा बंद. मॅडमना कळू दे मी शेरा उगाच लिहिला नव्हता. देव मला क्षमा करो, पण मनात आलं.

६ मार्च

मुलाच्या घरी. एका डोळ्याने लिहितेय, ओळी चढतायत.

डोळा ठीक आहे, माझंच डोकं ठिकाणावर नाही. पाणी प्यायला उठले की मुलगा म्हणतो, "आई, तू बस." कपबशी विसळायला गेले तर सून हातातून काढून घेते. काल तिने माझ्या चहात स्वतः चमचा फिरवला. त्यात साखर नव्हतीच. डॉक्टरांनी एक चमचा चालेल म्हटलंय, पण हिने शून्यावर आणला. "तुमच्या भल्यासाठीच ना," म्हणते. मुलगी चांगली आहे हो, जीव लावते. पण पाच दिवसांत मला वाटायला लागलंय, की मला माझं नाव तरी लिहिता येतं का ते बघावं. म्हणून ही डायरी काढली.

नातवाची चादर घडी करून ठेवली होती, तर सुनेने ती उलगडून पुन्हा घातली. इतका राग आला की जेवले नाही.

११ मार्च

परत आले. गेटपाशी मास्तर उभा, घड्याळाकडे नाही तर रस्त्याकडे बघत. "ताई, दहा दिवस," म्हणाला. मी म्हटलं, "हो रे, दहा. बरोबर मोजलेस."

आत गेले. घड्याळ चालू. मनगटाच्या घड्याळाशी ताडून पाहिलं, मिनिटाचाही फरक नाही.

मावशींना विचारलं, "चावी तुम्ही देत होतात का हो?"

"मला बाई स्टुलावर चढवत नाही," त्या म्हणाल्या. "आणि मास्तर कुणाला हात लावू देतो होय घड्याळाला?"

मॅडमना विचारलं. त्यांना तर चावी कुठे असते तेही ठाऊक नव्हतं.

१२ मार्च

सहाला मी स्वयंपाकघरात गेले नाही. घड्याळाजवळच टॉवेल घड्या करत बसले. मास्तर चढला. ओठ हलत होते, या वेळी आवाजही ऐकू आला. आठ, नऊ, दहा. थांबला. चावी भोकात तशीच ठेवून उतरला.

मी विचारलं, "मास्तर, झाली?"

"दहा माझे," तो म्हणाला. "दोन ताईंचे."

माझ्या हातातला टॉवेल हातातच राहिला. कसंबसं विचारलं, "आणि मी नव्हते तेव्हा?"

"ताई नाही. बारा."

"म्हणजे तुला बारा येतात?"

त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू घड्याळात किती आकडे असतात ते मलाच ठाऊक नसावं. मग त्याने स्टूल पायाने थोडं माझ्याकडे सरकवलं.

मी खालीच बसून राहिले. सोळा वर्षं मी चोरून चावी देत होते आणि ज्याच्या नकळत देत होते तोच माझा वाटा राखून ठेवत होता. स्टूलसुद्धा विसरत नव्हता.

"मग त्या वेळी?" मी म्हटलं. "घड्याळ बंद पडलं होतं, तू जेवला नव्हतास. आठवतं?"

त्याने घड्याळातल्या चावीकडे बघितलं. मग म्हणाला, "वाटलं ताई रागावल्या. दोन दिले नाहीत."

मी स्टुलावर चढले आणि माझे दोन दिले. उतरले तर तो स्टूल उचलायला उभाच होता.

१३ मार्च

काही लिहिवत नाही. फॉर्ममधला तो शेरा शब्दन् शब्द पाठ झालाय.

१४ मार्च

आज दिवसभर स्वतःशी हुज्जत घातली. माझे मुद्दे तयार होते, त्याला इथे काय कमी आहे? वेळेवर जेवण, माया करणारी माणसं. मी कुणाला काही सांगितलं नाही तर कुणाचं काय जातं? यादीत रेघ आहे, ती राहील. तो चार दिवसांनी विसरेल आणि माझ्या पायांवर पुन्हा धार सोडेल.

विसरणार नाही. सात वर्षांपूर्वीचं विसरला नाही तो.

आणि तो गेला तर संध्याकाळी सहा ते आठ मी काय करू, हा खरा प्रश्न आहे. लिहून टाकला. आता खोडणार नाही.

१५ मार्च

ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नव्हता. सकाळीच मॅडमच्या टेबलासमोर उभी राहिले आणि म्हटलं, "मास्तरचा फॉर्म परत द्या. मी चुकीचा भरलाय."

सगळं सांगितलं. मी थांबल्यावर त्यांनी कोरा फॉर्म आणि पेन पुढे केलं. म्हणाल्या, "वरच्या लोकांच्या सहीचं मी बघते. लिहा तुम्हीच. तुम्ही लिहिलेलं खोडायचा हक्क मला नाही."

मला वाटलं होतं आता ही पोरगी दोन शब्द सुनावणार. तिने पाण्याचा ग्लास दिला. नव्याचे नऊ दिवस म्हणून मी तिला मनात किती नावं ठेवली होती.

मास्तरला शेजारी बसवून फॉर्म भरला. प्रत्येक रकाना करून बघूनच. घड्या स्वतः करतो. रस्ता ओलांडायला मी हात मागे बांधून उभी राहिले. तो कडेला थांबला, दोन्हीकडे बघितलं, एक सायकल जाऊ दिली आणि ओलांडला. पलीकडे जाऊन माझी वाट बघत उभा राहिला. मीच गोंधळले आणि रिक्षावाल्याचा हॉर्न ऐकून घेतला.

चहा अजून येत नाही. तिथे लिहिलं, 'शिकवलेला नाही. चूक आमची.'

शेऱ्याच्या जागी लिहिलं, 'बारापर्यंत मोजतो. कुणी सोबत असेल तर दहापर्यंत.' मॅडमनी दोनदा वाचलं आणि तसंच ठेवलं.

२२ मार्च

चहा शिकवतेय. लायटर चौथ्यांदा पेटतो. माझा हात आपोआप पुढे जातो म्हणून पदराचं टोक मुठीत धरून उभी राहते. आज दूध उतू गेलं. मास्तरने ओटा पुसला आणि भांडं घासलं. मावशी म्हणाल्या, "माझ्या नवऱ्यापेक्षा बरा."

जुन्या बाईंना फोन केला. म्हटलं, मास्तर निघाला, घड्याळाचं काय करायचं? त्या म्हणाल्या, "मी दिलं तेव्हाच ते त्याचं झालं. घराचं घड्याळ नव्हतंच ते." थोड्या वेळाने म्हणाल्या, "तू दोन फेरे द्यायचीस ना मागून? मला दिसायचं हो पडवीतून. तुम्ही दोघंही त्या वेळी नवीन होतात. म्हटलं चालू दे."

२ एप्रिल

गेले. पत्र्याची पेटी मी उचलायला गेले तर त्याने एक कडी मला दिली आणि एक स्वतः धरली. गायक पुढे चाल म्हणत, पैलवान मागे बादली घेऊन. घड्याळ मास्तरने आपल्या हातांत घेतलं होतं, टॉवेलात गुंडाळून, म्हणून पेटी दर दहा पावलांवर खाली ठेवावी लागत होती.

संध्याकाळी जेवणाच्या खोलीत भिंतीवर फिकट चौकोन दिसतो. सहा वाजता माझी मान तिकडे वळली. मग सात वाजताही वळली. किती वाजले ते कळेना म्हणून उरलेले चौघं वेळेआधीच हात धुवून आले, दारात बोट दाखवायला कुणी नव्हतं. गायकाची चाल मीच गुणगुणले, भांडी लावताना. आता ती कोण बेसूर म्हणेल?

स्टूल कोपऱ्यातच होतं.

१० एप्रिल

फ्लॅटवर माझी पाळी नाही. मॅडमनी मुद्दाम लावली नसावी, आणि मी विचारलं नाही. सकाळी जाणारी मुलगी सांगते, सगळं ठीक आहे, भात एकदा करपला.

१३ एप्रिल

रविवार. साडेपाचला घरून निघाले. पाय कुठे चाललेत ते ठाऊक असूनही वाटेत दोनदा थांबले. सोबत फळं घेतली, रिकाम्या हाताने कसं जायचं.

मास्तरने दार उघडलं, आधी साखळी लावून बघितलं, मग पूर्ण. चपला रेषेत. घड्याळ त्या खिळ्यावर, स्वयंपाकघराच्या दारासमोर. गायक आणि पैलवान गॅलरीत कपडे काढत होते.

सहा वाजले. तो स्टूल घेऊन आला, नवीन, प्लास्टिकचं. चढला. इथे त्याची पाठ दिसत नाही, खोली अरुंद आहे, बाजूला उभं राहिलं की चेहरा दिसतो. दहापर्यंत मोजलं. थांबला. माझ्याकडे बघितलं आणि चावी पुढे केली.

इतकी घ्यावीशी वाटली मला ती चावी. तळहाताला तिचा गार पितळी स्पर्श पाठ आहे. मी दोन्ही हात पदराखाली घेतले आणि म्हटलं, "आज मी पाहुणी आहे रे."

त्याने विचार केला. मग वळून राहिलेले दोन फेरे दिले, मोठ्याने मोजून. स्टूल लगेच जागेवर ठेवलं.

"पाहुण्यांना चहा," तो म्हणाला आणि आत गेला.

मी खुर्चीवर बसले. आतून लायटरचा आवाज आला, एकदा, दोनदा, तीनदा. मी उठले नाही. चौथ्यांदा पेटला. भांड्याचा आवाज, पाण्याचा, मग बराच वेळ काहीच नाही. तरी उठले नाही. घड्याळाची टिकटिक ऐकत बसले. तीच होती, आमच्या जेवणाच्या खोलीतली.

कप घेऊन आला, बशीत सांडला नव्हता. घोट घेतला तर चहात साखरच नाही. मनात म्हटलं, विसरला बिचारा. वर बघते तर त्याने साखरेचा डबा माझ्यासमोर ठेवला होता, झाकण काढून, चमचा आत.

"साखर ताईंची," तो म्हणाला.

डॉक्टरांनी एकच चमचा सांगितलाय. मी दोन घातले.